आवाज थांबले, मग डोकं का चालत नाही?

मागच्या अंकात बायपोलर (मूड कधी अति चढतो, म्हणजे मेनिया, तर कधी अति खचतो, म्हणजे डिप्रेशन) आणि स्किझोफ्रेनिया (नसलेले आवाज ऐकू येणं, निराधार संशय) यांच्या औषधांबद्दल लिहिलं होतं, त्यावर जी पत्रं आणि मेल आले त्यातल्या बऱ्याच जणांनी औषधांबद्दल फारसं विचारलंच नाहीये. सगळ्यांचं म्हणणं फिरून फिरून एकाच जागी येतं, की आजार आटोक्यात आहे म्हणतात पण माणूस पहिल्यासारखं होत नाही, विसरतं, अडखळतं, एक काम धड पुरं करत नाही. म्हणून यावेळी सगळा कॉलम त्यालाच दिलाय. पत्रं कापून छोटी केलीत आणि ओळख पटेल असे तपशील बदललेत. आणि नेहमीचंच सांगणं, मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे, औषधं लिहून देणं माझं काम नाही, त्यामुळे गोळ्यांबद्दल जे लिहीन ते तुमच्या डॉक्टरांना विचारायचे प्रश्न म्हणून वाचा, घरच्या घरी डोस बदलायला त्याचा आधार घेऊ नका.

प्रश्न : मॅडम नमस्कार. माझा मुलगा २७ वर्षांचा आहे. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असताना स्किझोफ्रेनिया निघाला. तेव्हा काय काय भोगलं ते सांगत बसत नाही. आता दोन वर्षं झाली, आवाज येत नाहीत, संशय नाही, रिस्पेरिडोन आणि पॅसिटेन वेळेवर घेतो. डॉक्टर म्हणतात एकदम स्टेबल आहे. पण मॅडम, कोथिंबीर, दही आणि कपड्याचा साबण आण म्हटलं तर नुसतं दही घेऊन येतो, कधी दुकानापाशी पोचून फोन करतो काय आणायचं होतं म्हणून. अंघोळीला गेला की एक तास. मालिका बघत बसतो पण मध्येच विचारलं ही बाई कोण तर सांगता येत नाही. त्याचे बाबा म्हणतात हा निव्वळ आळस आहे, आयतं मिळतंय म्हणून चाललंय. रोज यावरून भांडण. मला भीती वाटते याला आत्तापासूनच म्हातारपणीचा विसरायचा आजार लागला का? की हे गोळ्यांनी होतंय?
एक आई, सांगली जिल्हा

उत्तर : ताई, तुमच्या भीतीपासूनच सुरू करते. अल्झायमरसारखा, दरवर्षी अजून खाली नेणारा प्रकार हा नाही. तुम्हाला जे वाटलं तेच शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी जर्मनीतल्या एमिल क्रेपेलिनला वाटलं होतं, या विषयातला त्या काळचा सगळ्यात मोठा माणूस, त्याने या आजाराची गणना चक्क तरुण वयातल्या डिमेन्शियात केली होती. पुढे लोकांनी पेशंटना वर्षानुवर्षं बघितलं तेव्हा चित्र वेगळं निघालं. विचारांचा वेग, लक्ष देणं, ऐकलेलं धरून ठेवणं, कामाचा क्रम लावणं यातली घट बऱ्याच जणांत आवाज सुरू व्हायच्या आधीच थोडीफार आलेली असते, पहिल्या मोठ्या अटॅकच्या आसपास ती अजून वाढते आणि मग बहुतेकांची वर्षानुवर्षं जवळपास तिथेच राहते. तुम्ही त्याची अकरावी-बारावी आठवून बघा. हुशार मुलगा अचानक मागे का पडला, मोबाईलमुळे की मित्रांमुळे, असं तेव्हा घरात बोलणं झालं असेल तर नवल नाही.

आता किती घट, तर सरासरीत सांगायचं म्हणजे १०० निरोगी माणसं या क्षमतेनुसार ओळीत उभी केली तर स्किझोफ्रेनिया असलेला सरासरी माणूस खालून साधारण सोळाव्या जागी येतो. ही सरासरी झाली, काही जण अगदी मधोमध असतात, काही त्याच्याही वर, आणि तुमच्या मुलाचा नंबर कुठे लागतो ते टेस्ट केल्याशिवाय मी काय, कोणीच सांगू शकत नाही.

आमच्याकडे एक साधी दिसणारी टेस्ट असते. कागदावर वर एक ते नऊ आकडे, प्रत्येक आकड्याला एक चिन्ह ठरवून दिलेलं, आणि खाली नुसते आकडे ओळीने, दीड-दोन मिनिटांत त्यांच्याखाली ज्याचं त्याचं चिन्ह काढत जायचं. तुम्ही-मी बसलो तर दुसऱ्या ओळीपर्यंत दोन-चार चिन्हं डोक्यात बसतात, वर बघायची गरज कमी होते, हात पळायला लागतो. या आजारातली बरीच मुलं शेवटपर्यंत दर वेळी वर बघतात, खाली येतात, परत वर, चुका फारशा करत नाहीत पण वेळ संपते तेव्हा इतरांपेक्षा कितीतरी कमी चौकटी भरलेल्या असतात. बाहेरून बघणाऱ्याला वाटेल रेंगाळतोय. समोर बसलेल्या मला त्याच्या कपाळावरचा घाम दिसतो. त्याच्या बाबांना हा परिच्छेद तेवढा वाचून दाखवा.

आळस की आजार हे घरी ओळखायचा एक कच्चा मार्ग आहे. तीन वस्तू तोंडी सांगू नका, कागदावर लिहून द्या, मोबाईलमध्ये नको कारण मोबाईल उघडला की समोर दुसरंच काहीतरी येतं. चिठ्ठी घेऊन गेला आणि तिन्ही वस्तू आणल्या तर अडचण लक्षात राहण्याची होती. चिठ्ठी हातात असून जागचा उठलाच नाही तर ते वेगळं, आतून इच्छाच न उठणं, त्याला आम्ही निगेटिव्ह सिम्प्टम्स म्हणतो आणि तोही आजाराचाच भाग आहे, आळस नव्हे. पुष्कळ घरांत दोन्ही एकत्र असतं, आणि त्यात कधी डिप्रेशनही मिसळलेलं असतं, म्हणून हे डॉक्टरांच्या कानावर घालाच. ओपीडीत गर्दीच्या वेळी प्रश्न काय असतात, झोप येते का, आवाज येतात का, गोळ्या घेतो का, तिन्हीची उत्तरं चांगली आली की कागदावर स्टेबल लिहिलं जातं. दुकानाचं आणि अंघोळीचं तुम्हालाच काढावं लागेल, आणि 'विसरतो' एवढंच म्हणू नका, कोथिंबीर-दही-साबणाचा किस्सा जसाच्या तसा सांगा.

गोळ्यांचं म्हणाल तर रिस्पेरिडोनवर सगळा दोष टाकता येत नाही कारण ही घट औषध सुरू व्हायच्या आधीही सापडते, डोस गरजेपेक्षा जास्त असेल तर सुस्ती येते हे मात्र खरं. माझी नजर पॅसिटेनवर जाते. तिच्यातलं औषध ट्रायहेक्सिफेनिडिल, हातपाय कडक होणं आणि थरथर यासाठी देतात आणि त्यासाठी ती उपयोगी आहेच. पण ती मेंदूतल्या ॲसिटिलकोलिन नावाच्या रसायनाचं काम अडवते आणि नवीन काही लक्षात ठेवायला ते रसायन लागतं. सुरुवातीला गरजेपुरती दिलेली ही गोळी पुढे वर्षानुवर्षं चिठ्ठीवर तशीच उतरत राहते असं मी कितीतरी फायलींमध्ये बघितलंय. डॉक्टरांना सरळ विचारा, हिची अजून गरज आहे का, हळूहळू कमी करून बघता येईल का. एकदम बंद करू नका, कडकपणा उसळून येतो, मळमळतं, बेचैनी होते आणि मग घरात सगळे म्हणतात बघा आजार परत आला.

घरात एका वेळी एकच काम सांगायचं, ते झालं की पुढचं. अंघोळीला टॉवेल, कपडे, बादली सगळं आधीच एका जागी ठेवून बघा, तासाभरातला कितीतरी वेळ पुढे काय करायचं यावर अडकून उभं राहण्यात जात असतो. पोहे करायला शिकवायचे असतील तर पोहे भिजवून ठेवा, कांदा-मिरची चिरा, मग फोडणी, असे टप्पे ओट्यासमोर चिकटवा आणि स्वतः किचनमधून बाहेर जा. हे शेवटचं आयांना जमत नाही. 'झालं का' हे दर पाच मिनिटांनी विचारणं बंद करा, मध्ये टोकलं की तो पहिल्या पायरीवर परत जातो. मालिकेचं सोडून द्या हो, त्या मालिकांत कोण कोणाची बाई हे मलाही सांगता येत नाही.

प्रश्न : मी ३८, सरकारी बँकेत क्रेडिट डिपार्टमेंटला. २४ व्या वर्षी बायपोलरचं निदान. मेनियाचे तीन मोठे एपिसोड झाले, डिप्रेशन किती वेळा आलं ते मोजलेलं नाही. लिथियम बरीच वर्षं चालू आहे, मूड आता एकदम ओके. पण फाईल तीनदा वाचावी लागते, मीटिंगमध्ये बोलता बोलता शब्दच सापडत नाही, ज्युनिअर पोरं पटपट उत्तरं देतात आणि मी नुसता बघत बसतो. मी दहावीला बोर्डात आलेला माणूस आहे मॅडम. लिथियमनेच डोकं गंजलंय असं वाटतं, बंद करायचा विचार पक्का होत चाललाय. बायकोला सांगितलेलं नाही.
नाशिक

उत्तर : आधी बायकोला सांगा. मग बाकीचं वाचा.

लिथियम मनाने बंद केलं की मेनिया परत यायचा धोका पहिल्या काही महिन्यांतच मोठा असतो, आणि आत्महत्येपासून वाचवण्याबाबत ज्या औषधांचा पुरावा सगळ्यात चांगला आहे त्यात लिथियम वरच्या नंबरवर आहे. दुसरं असं, की बायपोलरमध्ये जितके एपिसोड जास्त, विशेषतः मेनियाचे, तितकी मेमरी आणि लक्षाची तक्रार जास्त असं अनेक अभ्यासांत दिसतं. कारण आणि परिणाम पूर्ण सुटे करता येत नाहीत, पण डोकं वाचवायला म्हणून औषध सोडायचं आणि चौथा मेनिया ओढवून घ्यायचा हा हिशोब तोट्याचा वाटतो मला. तुम्ही क्रेडिटवाले आहात, रिस्क तुम्हाला मी काय समजावणार.

म्हणजे तुमची तक्रार खोटी आहे असं नाही. मूड शांत असतानाही बायपोलरच्या बऱ्याच जणांत लक्ष, ऐकलेलं आठवणं आणि प्लॅनिंग यात घट सापडते, सरासरीत स्किझोफ्रेनियापेक्षा कमी, आणि कित्येकांत काहीच सापडत नाही. लिथियमने थोडा मंदपणा येतो असं सांगणारे पेशंटही पुष्कळ. पण एकट्या लिथियमला फासावर चढवायच्या आधी बाकीचे संशयित तपासा. थायरॉईडची रक्ततपासणी, टीएसएच, शेवटची कधी केली? लिथियमने थायरॉईड मंदावू शकतो आणि मंद थायरॉईडचं चित्र हुबेहूब तुम्ही लिहिलंय तसंच असतं. रक्तातली लिथियमची लेव्हल, शेवटच्या गोळीनंतर १२ तासांनी दिलेलं रक्त, गोळी घेऊन लॅबमध्ये गेलात तर आकडा चुकीचा येतो. बहुतेकांची लेव्हल ०.६ ते ०.८ च्या आसपास ठेवतात, काहींना १ पर्यंत लागते, तुमची वरच्या टोकाला असेल तर थोडी खाली आणता येईल का हे डॉक्टर ठरवतील. किडनीसाठी क्रिएटिनिन पण. कंबरदुखीसाठी आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक मनाने घेताय का? त्यांनी लेव्हल चढते, जुलाब-उलट्या आणि उन्हाळ्यात पाणी कमी पडलं तरी चढते. हात जोरात थरथरायला लागले, चालताना तोल गेला, जीभ जड झाली तर वाट बघायची नाही, त्याच दिवशी हॉस्पिटल. झोपेसाठी रोज क्लोनाझेपाम चालू आहे का, मायग्रेनसाठी टोपिरामेट दिलंय का, या दुसऱ्या गोळीने तर बोलताना शब्द न सापडणं हे नेमकं होतं. घोरता का, दिवसा डुलक्या येतात का, कारण झोपेत श्वास अडकत असेल तर सकाळचं डोकं कुणाचंच चालत नाही. आणि 'मूड एकदम ओके' हे तुम्ही म्हणताय की डॉक्टरांनी नीट विचारून ठरवलंय? डिप्रेशनचा बारीक उरलेला अंश मेमरीवर परिणाम करतो आणि माणसाला तो नॉर्मल वाटायला लागलेला असतो.

बोर्डात आल्याचं लिहिलंत म्हणून एक सांगते. स्वीडनमध्ये सात लाखांवर मुलांचे सोळाव्या वर्षीचे शाळेतले मार्क घेऊन पुढे कोणाला काय आजार झाला ते तपासलं होतं, २०१० मध्ये ते प्रसिद्ध झालं. अव्वल मार्क असलेल्यांना पुढे बायपोलर होण्याचं प्रमाण मधल्या मार्कांच्या मुलांपेक्षा जवळपास चौपट निघालं. (घाबरू नका आईबाबांनो, चौपट झालं तरी आकडा छोटाच राहतो, मार्क कमी करायला लावू नका.) स्किझोफ्रेनियात उलट, तिथे कमी मार्कांकडे कल दिसतो. तुमच्या बाबतीत याचा अर्थ इतकाच की तुम्ही पूर्वी फार वर होतात, त्यामुळे थोडं खाली आलात तरी टेस्टमध्ये ते 'नॉर्मल' म्हणूनच येईल आणि डॉक्टर म्हणतील सगळं ठीक आहे, पण तुम्हाला मात्र फरक रोज टोचणार. म्हणून टेस्ट करणाऱ्याला दहावीचं आवर्जून सांगा.

नोकरीत गंभीर निर्णय सकाळी घ्या, फाईल वाचताना एका पानाला एक ओळ स्वतःच्या हाताने लिहा, मीटिंगचा अजेंडा आदल्या दिवशी मागा. काम झेपेनासं झालं तरी राजीनामा फेकू नका. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम २० असं सांगतं की सरकारी आस्थापनेत नोकरीत असताना अपंगत्व आलं म्हणून कर्मचाऱ्याला काढता येत नाही, हुद्दाही खाली आणता येत नाही, त्या पदाला जमत नसेल तर त्याच पगारावर दुसऱ्या पदावर घ्यायचं असतं. मानसिक आजार त्या कायद्यात आहे.

प्रश्न : भावाला (३१, स्किझोफ्रेनिया, ओलान्झापिन) ब्रेन ट्रेनिंगचं ॲप घेऊन देतेय, वर्षाचे सहा हजार. घेऊ का? आई रोज भिजवलेले बदाम आणि ब्राह्मी देते ते चालेल ना? अमेरिकेत नवीन औषध आलंय म्हणे, मेमरी येते त्याने?
ठाणे

उत्तर : सहा हजार ठेवा.

ॲपवर रोज खेळून तो त्या खेळात पटाईत होईल, दुकानाची यादी मात्र तिथेच राहील. ज्याचा पुरावा आहे त्याला कॉग्निटिव्ह रेमेडिएशन म्हणतात, त्यातही कॉम्प्युटरवरचे खेळ असतात पण बाजूला माणूस बसलेला असतो जो दर वेळी विचारतो, हे तू कसं लक्षात ठेवलंस, मग उद्या बँकेत गेल्यावर हीच युक्ती कशी वापरशील. लंडनच्या टिल वाइक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये असे ४० अभ्यास एकत्र करून बघितले, फायदा छोटा ते मध्यम निघाला, पण जिथे त्याच्या जोडीला इतर पुनर्वसनही चालू होतं तिथे रोजच्या जगण्यात फरक जास्त पडला. तेव्हा शोधायचंच तर ठाण्या-मुंबईत डे केअर किंवा वर्कशॉप चालवणारी संस्था शोधा जिथे तो आठवड्यातून काही तास तरी काहीतरी खरं काम करेल, पाकिटं भरणं असो की हिशोब लिहिणं. पुण्याची स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन कुटुंबांबरोबर वर्षानुवर्षं काम करतेय, तिथून सल्ला मिळेल. फुकटात काही हवं असेल तर भरभर चालणं, दम लागेल इतकं, आठवड्यातले बहुतेक दिवस. व्यायामाने या आजारात लक्ष आणि मेमरी थोडी सुधारते याचा पुरावा बऱ्यापैकी आहे, शिवाय ओलान्झापिनने वजन आणि साखर वाढते त्यालाही तेच लागतं. एकटा जाणार नाही, तुम्ही बरोबर जा.

बदाम खाऊ द्या, चांगलेच आहेत, औषध म्हणून मोजू नका. ब्राह्मीची गोळी किंवा सिरप असेल तर डॉक्टरांना बाटली दाखवा.

तो सिगरेट ओढतो का ते लिहिलं नाहीत. ओढत असेल तर माहिती असू दे की धुरामुळे लिव्हर ओलान्झापिन आणि क्लोझापिन (याच आजाराचं दुसरं औषध) लवकर संपवतं. सोडायची आहेच, पण अचानक सोडली की रक्तातलं औषध वाढतं आणि माणूस दिवसभर झोपाळतो, म्हणून सोडायच्या आधी डॉक्टरांना कल्पना द्या.

अमेरिकेतलं औषध म्हणजे झॅनोमेलिन आणि ट्रोस्पियम एकत्र असलेली कॅप्सूल, सप्टेंबर २०२४ मध्ये तिथे मान्यता मिळाली. नेहमीच्या औषधांसारखी मेंदूतल्या डोपामिन या रसायनाच्या रिसेप्टरवर बसत नाही म्हणून गाजावाजा झाला आणि तो योग्यच होता. पण मान्यता स्किझोफ्रेनियाच्या उपचाराला आहे, मेमरी सुधारते अशी नाही. खास मेमरी-लक्षासाठी म्हणून आयक्लेपर्टिन नावाचं एक औषध शेवटच्या टप्प्यातल्या चाचण्यांपर्यंत पोचलं होतं, जानेवारी २०२५ मध्ये कंपनीनेच जाहीर केलं की काही फरक दिसला नाही. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या मेसेजमध्ये ही दुसरी बातमी कधी येत नाही.

प्रश्न : माझी आई ६१, बायपोलर, यावर्षी डिप्रेशन इतकं खोल गेलं की जेवण बंद झालं, शेवटी शॉक ट्रीटमेंट दिली, आठ वेळा. आता हसते, जेवते, सगळं छान. पण त्याच्या महिनाभर आधी माझ्या मुलाचं बारसं झालं, तिने स्वतः पाळणा म्हटला होता, ते तिला अजिबात आठवत नाही. आम्ही रोज फोटो दाखवून विचारतो. येईल का आठवण परत? आम्ही चूक केली का?
छत्रपती संभाजीनगर

उत्तर : जेवण बंद झालेल्या माणसाला वाचवलंत, त्यात चूक कसली. ईसीटीमध्ये, म्हणजे शॉक ट्रीटमेंटमध्ये, दोन प्रकारची विसर पडते. नवीन गोष्टी लक्षात न राहणं, ते साधारण काही आठवड्यांत भरून येतं. दुसरी म्हणजे ट्रीटमेंटच्या आसपासच्या आठवड्यांतल्या, कधी काही महिन्यांतल्या आठवणी पुसट होणं, त्यातल्या काही परत येतात आणि काही येतच नाहीत. बारसं नेमकं त्या पट्ट्यात सापडलंय, त्यामुळे येईलच असं मी सांगणार नाही. फोटो दाखवा पण परीक्षा घेऊ नका. 'आठवतंय का' च्या ऐवजी 'त्या दिवशी तू पाळणा म्हटलास आणि बाळ झोपलंच नाही' असं सांगा, ती तुमच्या तोंडून ऐकलेलं नव्याने साठवेल. खोल डिप्रेशन स्वतःच मेमरी झाकोळून टाकतं, त्यामुळे ईसीटीनंतर डोकं उलट जास्त स्वच्छ झालं असं म्हणणारे वयस्कर पेशंटही मी बघितलेत. पुढे परत गरज लागली तर डोक्याच्या एकाच बाजूने आणि विजेच्या कमी रुंदीच्या पल्सने (झटक्याने) देता येईल का ते विचारा, त्याने मेमरीला त्रास कमी होतो. भूल न देता ईसीटी करायला २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने बंदी आहे, हे जुन्या सिनेमांतली दृश्यं डोक्यात घेऊन बसलेल्या नातेवाईकांनाही सांगा. सहा महिन्यांनीही ती रोजच्या, नव्या गोष्टी विसरत असेल तर मात्र बी-ट्वेल्व्ह, थायरॉईड आणि मेमरी क्लिनिक, तिथे बायपोलरवर ढकलून गप्प बसायचं नाही.

प्रश्न : मुलगा ३४, बघायला धडधाकट. ग्रॅज्युएट आहे. तीन नोकऱ्या लागल्या, तिन्ही महिन्या-दोन महिन्यांत गेल्या, सूचना लक्षात राहत नाहीत म्हणून. लोक म्हणतात अपंगाचं सर्टिफिकेट काढा. पण हात-पाय शाबूत असलेल्याला ते देतील का? मी सरकारी नोकरीतून रिटायर्ड आहे, आमच्यानंतर याचं काय.
अमरावती

उत्तर : काका, देतात. २०१६ च्या कायद्यात २१ प्रकार आहेत, मानसिक आजार त्यातला एक. मोजायला आयडियाज नावाची आपल्याकडचीच पट्टी वापरतात. चार गोष्टी बघतात, स्वतःची निगा, माणसांशी वागणं, बोलणं-समजणं आणि काम, प्रत्येकाला शून्य ते चार गुण, वर आजार किती वर्षांचा आहे त्याचे गुण. बेरीज ७ किंवा जास्त आली की ४० टक्के किंवा त्यापुढचं अपंगत्व धरतात आणि बहुतेक फायदे ४० पासून सुरू होतात. स्वावलंबन पोर्टलवर यूडीआयडीचा, म्हणजे दिव्यांग ओळखपत्राचा, अर्ज भरायचा, मग सिव्हिल हॉस्पिटलला तपासणी. नोकरी सुटल्याची पत्रं, जुन्या फायली, सायकॉलॉजिस्टची टेस्ट झाली असेल तर तो रिपोर्ट, सगळं न्या. आणि तिथे मुलाची बाजू सावरू नका. बापाला वाटतं चारचौघांत कशाला, म्हणून 'करतो तो सगळं' असं म्हणून टाकतात आणि गुण तिथेच गळतात. घरी जे जसं आहे ते तसंच सांगा.

आणि एक, तुम्ही पेन्शनर आहात तर पेन्शन ऑफिसमध्ये फॅमिली पेन्शनचं आत्ताच विचारा. मानसिक अपंगत्वामुळे कमावू न शकणाऱ्या अपत्याला आई-वडिलांनंतर वय उलटलं तरी पेन्शन मिळायची तरतूद असते, पण नाव आणि कागद तुमच्या हयातीत लावून ठेवले तर त्याला धावपळ पडत नाही, आणि धावपळच तर त्याला जमत नाही. तो स्वतः नोकरी करू शकणार नाही असं मात्र इथे धरून चालू नका, तीन नोकऱ्या लागल्या म्हणजे इंटरव्ह्यू जमतोय. चौथीच्या वेळी सूचना लेखी द्या एवढं मालकाला पहिल्या दिवशी सांगून बघा.

प्रश्न : मी स्वतः पेशंट आहे. स्किझोफ्रेनिया. पूर्वी खूप वाचायचो. आता पान संपलं की वरचं गेलेलं असतं. वाचायचं आहे. काय करू.
(गाव लिहिलेलं नाही)

उत्तर : कादंबरी सध्या बाजूला ठेवा, कथा घ्या, चार-पाच पानांची, शक्यतो पूर्वी वाचलेली, म्हणजे माणसं ओळखीची असतील. पेन्सिल हातात ठेवा. नवीन माणूस आला की पहिल्या कोऱ्या पानावर त्याचं नाव आणि तो कोण ते लिहा, वहीत नाही, पुस्तकातच, पुस्तक घाण होऊ द्या. प्रत्येक पान संपलं की मान वर करून काय झालं ते एका वाक्यात मोठ्याने म्हणा, आलं नाही तर त्याच पानावरून एकदा नजर फिरवा, दुसऱ्यांदा नको, पुढे जा. सकाळची गोळी सुस्ती आणत असेल तर ती उतरल्यावर वाचायला बसा. कुणी ऐकायला असेल तर मोठ्याने वाचणं सगळ्यात सोपं जातं. दहा मिनिटं झाली की खूण घालून बंद करा, मजा येत असली तरी.